नमुना ४ आणि ‘मुळे’ची कसोटी: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जुलै २०२५

१३ जानेवारी २०२५

प्रकल्पाला आज कार्यालयीन मंजुरी मिळाली आणि दुपारनंतर मी अभिलेख कक्षात जाऊन गेल्या वर्षीच्या नमुना ४ चे, म्हणजे रुग्णालयातील मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्याचे, दोन गठ्ठे सोडून बसले. कामाचे स्वरूप दुहेरी आहे. रुग्णालयात होणाऱ्या प्रत्येक मृत्यूची माहिती कागदाऐवजी संगणकावरून, २१ दिवसांच्या मुदतीत, जन्म-मृत्यू निबंधकांकडे पोहोचवायची. आणि त्या माहितीतील मृत्यूच्या कारणाचा रकाना जे डॉक्टर भरतात, त्यांना तो भरायला शिकवायचे. पहिल्या भागासाठी संगणक, लॉगिन आणि एक जादा लिपिक मंजूर झाला आहे. दुसऱ्या भागासाठी ‘प्रशिक्षण’ हा शब्द आणि चहापाण्याची तरतूद आहे.

गठ्ठ्यातील वरचे वीस नमुने ओळीने वाचले. नमुन्यात ओळ (अ) मध्ये मृत्यूचे लगतचे कारण आणि खालच्या ओळींत ते ज्यातून उद्भवले ती कारणे लिहायची असतात. बहुतेकांत ओळ (अ) मध्ये ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ (हृदय आणि श्वास बंद पडणे) आणि खालच्या ओळींवर आडवी रेघ. आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला, हा रकाना एकाही नमुन्यात भरलेला नव्हता. त्यांतल्या पाच नमुन्यांवरची अक्षरे हुबेहूब सारखी, जांभळ्या शाईची आणि उजवीकडे किंचित कललेली दिसली, तेव्हा शंका आली म्हणून संबंधित वॉर्डात गेले. सिस्टरांनी काही न बोलता टेबलाचा खण उघडला आणि लाकडी मुठीचा रबरी शिक्का माझ्यापुढे ठेवला. मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. “मॅडम, रात्री डॉक्टरांना लिहायला सवड नसते, म्हणून करून घेतला,” असे त्यांनी सांगितले, आणि त्या सांगण्यात सोय केल्याचे समाधानच होते.

रोग, इजा किंवा गुंतागुंत लिहावी, हृदयक्रिया बंद पडणे यांसारखा मरणाचा प्रकार लिहू नये, अशी सूचना नमुना ४ वर मुळातच छापलेली आहे. शिक्का नेमका त्या सूचनेवर उमटला होता.

२१ जानेवारी २०२५

काल रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत मेडिसिनच्या वॉर्डात बसून राहिले, कारण नमुना कोण भरतो यापेक्षा तो कोणत्या क्षणी भरला जातो हे मला पाहायचे होते. रात्रीत दोन मृत्यू झाले. दोन्ही वेळा नमुना पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने भरला. पहिल्या वेळी त्याच्या डाव्या हातात दुसऱ्या रुग्णाचा ईसीजी होता, दाराशी शववाहिकेचा चालक उभा होता, आणि नातेवाईक दर पाच मिनिटांनी “बॉडी केव्हा मिळणार?” असे विचारत होते. या मुलाला नमुना ४ शिकवलेला नाही असे नाही. न्यायवैद्यकात एक तास आणि आमच्या पीएसएमच्या (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) विषयात एक तास त्याने हे ऐकलेले आहे, परीक्षेत टीपही लिहिली असेल. पण तो तास आणि ही रात्र यांत काही वर्षे गेली आहेत आणि मधल्या काळात त्याने भरलेला एकही नमुना कोणी वाचून त्याला परत काही सांगितलेले नाही.

दुसरा मृत्यू कीटकनाशक पोटात गेल्याच्या संशयाने आणलेल्या तरुणाचा होता. पोलिसांचा पंचनामा झाला, सकाळी शवविच्छेदन झाले आणि नमुन्यावर ‘मत राखून ठेवले आहे, व्हिसेराच्या रासायनिक तपासणीचा अहवाल प्रलंबित’ असे लिहिले गेले (व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी राखलेले शरीरातील अवयवांचे भाग). यात कोणाची चूक नाही; अहवाल येईपर्यंत दुसरे काही लिहिता येणार नव्हते. मात्र नोंदणी मुदतीत करायची असल्याने ही नोंद आता याच शब्दांनी होणार. याच महिन्यातील असाच आणखी एक नमुना मला सापडला. दोन्हींचे क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत.

४ फेब्रुवारी २०२५

शहरातील खासगी रुग्णालयांच्या डॉक्टरांची बैठक झाली. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, कारण अनेकांना नोटिसा येतील अशी भीती होती. “आमचे बारा खाटांचे नर्सिंग होम, हे आम्हाला कुठून लागू?” हा प्रश्न तीन वेगवेगळ्या तोंडांनी आला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कारणाच्या वैद्यकीय दाखल्याची तरतूद पहिल्यापासून होती, पण ती कोठे सक्तीची करायची हे राज्यांवर सोपवलेले होते आणि त्यामुळे देशभर चित्र विस्कळीत राहिले. २०२० मध्ये देशात सुमारे ८१.२ लाख मृत्यूंची नोंद झाली, त्यांपैकी जेमतेम १८.१ लाखांना, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांना, कारणाचा वैद्यकीय दाखला होता. गोव्यात हे प्रमाण शंभर टक्के होते, हे सांगितल्यावर मागच्या रांगेतून “गोवा केवढे आणि आपण केवढे” असे उत्तर आले. ते अगदीच खोटे नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हा प्रश्न मिटवला आहे. उपचार विशेष असोत की सर्वसाधारण, मालकी कोणाचीही असो, जेथे मृत्यू होईल त्या रुग्णालयाने कारणाचा दाखला, आजाराच्या पूर्वेतिहासासह, विनाशुल्क निबंधकांना द्यायचा आहे आणि त्याची प्रत सर्वांत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ‘विनाशुल्क’ हा शब्द मी दोनदा वाचून दाखवला. प्रतीच्या तरतुदीवर मात्र फारशी चर्चा झाली नाही. ती झाली असती तर बरे झाले असते, असे आता लिहिताना वाटते.

१७ फेब्रुवारी २०२५

संगणकीकरणाचा पहिला पंधरवडा संपला. मुदतीचा प्रश्न जवळपास सुटला. पूर्वी गठ्ठा आठवड्यातून एकदा सायकलवरून नगरपालिकेत जात असे, आता माहिती त्याच दिवशी निबंधकांच्या संगणकावर दिसते. ओटीपी मात्र चार दिवस बदली होऊन गेलेल्या अधीक्षकांच्या मोबाइलवर जात होता आणि आम्ही दरवेळी त्यांना फोन करून आकडे विचारत होतो. तेही न कंटाळता सांगत होते.

खरी अडचण आमच्या रुग्णालयाच्या स्वतःच्या प्रणालीत निघाली. नमुना भरणाऱ्याचे कष्ट वाचावेत म्हणून ती करणाऱ्याने दाखल होतानाचे निदान आपोआप ओळ (अ) मध्ये उतरवून ठेवले होते. परिणामी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होऊन तिसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने गेलेले गृहस्थ संगणकाच्या हिशेबाने हर्नियाने गेले, आणि एक बाई ‘ताप, तपासणी सुरू’ या कारणाने गेल्या. शिक्क्याची शाई तरी दिसत होती. ही चूक नीट टंकलेली, सरळ ओळीतली आणि म्हणून विश्वासार्ह दिसणारी आहे. आपोआप भरणे आजपासून बंद करायला लावले आहे.

दुसरी गोष्ट नोंदणी खिडकीवरील लिपिकाने उजेडात आणली. डॉक्टर अजूनही आधी कागदावर लिहितात आणि तो ते टंकतो. दुपारी त्याचा फोन आला. “मॅडम, ‘आरटीए’ म्हणजे रस्त्यावरचा अपघातच ना? मग याला पोलीस पेपर का नाहीत? आणि पेशंट चार महिन्यांचा आहे, बालरोग विभागातला.” मूत्रपिंडाच्या नलिकांच्या एका विकारालाही इंग्रजीत हीच तीन अक्षरे आहेत. त्याने विचारले नसते तर ते बाळ वाहनाखाली गेल्याची नोंद झाली असती. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाने केवळ वय आणि विभाग यांची सांगड घालून ती चूक पकडली. आजपासून संक्षेप बंद, हा नियम त्याच्याच नावावर लिहायला हवा. ‘एमआय’, ‘सीव्हीए’, ‘सीआरएफ’ काहीही असो, पूर्ण शब्द लिहायचा.

हा लिपिक पूर्वी फक्त नावांसाठी भांडणे सोसत असे, हेही त्याने सांगितले. नातेवाइकांची सारी नजर नावावर असते, कारण आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी बँक, विमा आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद अडते. कारणाचा रकाना कोणी वाचत नाही, असे त्याला आजवर वाटत होते.

२ मार्च २०२५

आज रविवार धरून स्थानिक वैद्यकीय संघटनेच्या सभागृहात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा कार्यक्रम झाला. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात, त्यामुळे सभागृह भरण्याची चिंता नव्हती. जेवणापर्यंत ते भरलेले राहील का, एवढीच होती. परिषदेचे निरीक्षक पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या काही सिस्टरही आल्या. त्यांना या कार्यक्रमाचे क्रेडिट मिळणार नव्हते, तरी शिक्क्याच्या वॉर्डातल्या सिस्टर वही घेऊन सर्वांत आधी आल्या होत्या.

पहिला तास माझा होता आणि तो फसला. पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीपासून आजच्या आयसीडीपर्यंतचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणापर्यंतचा, इतिहास मी पंचवीस मिनिटे सांगितला आणि मूळ कारणाची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या पडद्यावर दाखवली: मृत्यूकडे थेट नेणारी घटनांची साखळी ज्या रोगाने किंवा इजेने सुरू केली, तो रोग किंवा इजा. सर्वांनी माना डोलावल्या. त्यानंतर दिलेला सराव जवळपास सर्वांचा चुकला.

सरावातील रुग्ण असा होता. वय ६२, पंधरा वर्षांपासून मधुमेह, तीन आठवड्यांपूर्वी पायाला गँगरीन, चार दिवसांपूर्वी जंतुसंसर्ग रक्तात पसरला, शेवटच्या दिवशी सेप्टिक शॉक. निम्म्याहून अधिक कागदांवर क्रम उलटा होता: वर मधुमेह, मध्ये गँगरीन, तळाशी शॉक. आपण केसपेपर वरून खाली, काळाच्या ओघाने लिहितो, त्यामुळे हात तसाच चालतो. नमुना ४ मात्र शेवटापासून सुरुवातीकडे लिहायचा असतो. हे मी तिसऱ्यांदा समजावत असताना तिसऱ्या रांगेतील एक ज्येष्ठ फॅमिली डॉक्टर उठले आणि समोरचा कागद उचलून खालून वर, मराठीतून मोठ्याने वाचू लागले. “शॉकमुळे गँगरीन. गँगरीनमुळे मधुमेह.” सभागृह हसले. मग त्यांनी बरोबर लिहिलेला कागद घेतला आणि तसाच खालून वर वाचला. “मधुमेहामुळे गँगरीन, गँगरीनमुळे सेप्टिसीमिया, सेप्टिसीमियामुळे शॉक.” आणि ते खाली बसले.

माझ्या पंचवीस मिनिटांचे काम त्या एका प्रत्ययाने केले. ‘मुळे’ हा शब्द मुळापासूनच आलेला आहे आणि आपण तो दिवसभर वापरतो. पावसामुळे उशीर झाला असे म्हणणारा माणूस उशिरामुळे पाऊस पडला असे कधीही म्हणत नाही. दुसऱ्या तासात स्लाइड बंद करून फक्त हाच खेळ घेतला. प्रत्येकाने शेजाऱ्याचा कागद घ्यायचा, तळाच्या ओळीपासून वर जायचे, दोन ओळींच्या मध्ये ‘मुळे’ घालायचे आणि वाक्य कानाला खटकले तर कागद परत करायचा. भाग दोनसाठीही हीच कसोटी चालली: रुग्णाला उच्च रक्तदाब होता, तो मृत्यूला हातभार लावणारा होता, पण साखळीत ‘मुळे’ लावून कुठेही बसत नाही, म्हणून त्याची जागा भाग दोनमध्ये. आणि तळाशी ‘कार्डिअॅक अरेस्ट’ लिहिणाऱ्याला शेजारीच विचारू लागले, “अरेस्टमुळे काय, ते कळले, पण अरेस्ट कशामुळे?”

सिस्टरांनी जेवणाच्या वेळी शिक्का माझ्याकडे आणून दिला. तो आता माझ्या टेबलावर आहे. फेकावासा वाटत नाही.

१० मार्च २०२५

रविवारच्या कार्यक्रमातील एका प्रश्नाला मी दिलेले उत्तर अपुरे होते, ते येथे नोंदवून ठेवते. दारूमुळे यकृताचा सिऱ्होसिस होऊन रक्ताची उलटी झाली आणि माणूस गेला, तर ‘दारू’ हा शब्द लिहायचा का, असे एका तरुण डॉक्टरांनी विचारले. घरचे भांडायला येतात, विम्याचा दावा अडेल म्हणतात. क्षयरोग, एचआयव्ही, आत्महत्या यांचेही तेच. मी वर्षानुवर्षे देत आले ते उत्तर दिले: कायद्याच्या कलम १७ नुसार मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापता येत नाही, ते नोंदीच्या सांख्यिकीय भागात राहते, तेव्हा निर्धास्तपणे लिहा.

हे उत्तर निबंधकांच्या दाखल्यापुरते खरे आहे. पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या वैद्यकीय दाखल्याची प्रत नातेवाइकाच्या हातात जाते. ज्या कागदावर आपण डॉक्टरांना खरे लिहायला सांगतो, तोच कागद दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या समोर असतो. नातेवाइकांना कारण कळण्याचा हक्क आहे आणि तो मला मान्य आहे. आकडेवारीसाठी खरे कारण लिहिले गेले पाहिजे, हेही मान्य आहे. या दोन गोष्टी एकाच कागदावर आल्यामुळे लिहिणाऱ्याचा हात आखडणार, हे नाकारून उपयोग नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला, त्यानंतर घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण यांच्या भीतीने लोक प्लेगचे मरण लपवू लागले. कारण सांगण्याची किंमत ज्याला मोजावी लागते तो कारण बदलतो, आणि यात डॉक्टर आणि घरचे दोघेही आले.

तूर्त एवढे ठरवले आहे की, नमुना देण्याआधी डॉक्टरांनी नातेवाइकांपैकी एकाला बाजूला घेऊन काय लिहिले आहे ते दोन वाक्यांत सांगायचे. कागदातून कळण्याआधी तोंडून कळले तर भांडण कमी होते, असे वॉर्डातल्या जुन्या लोकांचे म्हणणे आहे.

२८ मार्च २०२५

वर्षअखेरीची घाई असल्यामुळे आज फक्त अनुदानाचा हिशेब झाला.

एक फोन मात्र लिहून ठेवण्याजोगा आहे. २०२१ मध्ये पतीच्या नमुन्यावर ‘न्यूमोनिया’ लिहिले गेल्यामुळे ज्यांना कोविडच्या ५०,००० रुपयांच्या सानुग्रह साहाय्यासाठी तक्रार निवारण समितीपुढे जावे लागले होते, त्या बाई आता आशा सेविका आहेत आणि पुढच्या प्रशिक्षणाला येऊ का, असे विचारत होत्या. त्या काळात डॉक्टरांना एका ओळीचे मोल जेवढे कळले, तेवढे आमच्या कोणत्याही व्याख्यानाने कळलेले नाही. चाचणी बाधित आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरावा, ही मार्गदर्शक सूचना सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तोपर्यंत कितीतरी नमुने भरून, शिवून, कपाटात गेलेले होते. त्या बाईंना येण्यास सांगितले आहे.

१५ एप्रिल २०२५

प्रणालीत सुधारणा करून घेतली: कारणाच्या तळाच्या ओळीत ‘अरेस्ट’ असे टंकले की पडद्यावर ‘कशामुळे?’ असा प्रश्न येतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. पहिल्या आठवड्यात ‘अरेस्ट’ जवळपास नाहीसे झाले, म्हणून मी खूश होते. आज नमुने उघडून पाहिले, तेव्हा शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘आर’ गाळून तोच शब्द लिहिला जात असल्याचे दिसले. यंत्र बरोबर शब्द अडवते, चुकीचा सोडते. ज्याने ही युक्ती काढली त्याने ती वॉर्डातल्या सर्वांना शिकवलीही होती, आणि ते प्रशिक्षण माझ्या प्रशिक्षणापेक्षा वेगाने पसरले.

त्यामुळे अडवणूक काढून टाकली, प्रश्न तेवढा ठेवला. त्याऐवजी ‘सोमवारचा नमुना’ सुरू केला आहे: गेल्या आठवड्यातील दहा नमुने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव झाकून मी आणि मेडिसिनचे एक सहयोगी प्राध्यापक वाचतो, त्यांतील एक चांगला व एक फसलेला नमुना ‘मुळे’ लावून लिहितो आणि निवासी डॉक्टरांच्या गटावर पाठवतो. लांब लिहायचे नाही, कोणाला बोलायचे नाही. आपण लिहिलेले कोणीतरी वाचते, हे कळण्यापुरतेच ते आहे. शिवाय माझा मोबाइल क्रमांक मेडिसिनच्या संगणकाशेजारी चिकटवला आहे, रात्रीही.

महिला रुग्णाच्या मृत्यूच्या वेळी ‘मृत्यूच्या वेळी किंवा नजीकच्या काळात गर्भवती होती काय’ हा प्रश्न रिकामा सोडण्याची सवय मात्र तशीच आहे. चोवीस वर्षांच्या तरुणीचे कारण ‘तीव्र रक्तक्षय’ आणि हा चौकोन कोरा. केसपेपर मागवला, तेव्हा बाळंतपणाला अठरा दिवस झालेले निघाले. बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आतला हा मृत्यू मातामृत्यू म्हणून मोजला जाण्यासाठी तो एक चौकोन भरलेला असणे पुरेसे होते. या सोमवारी दुसरा कोणताही नमुना पाठवला नाही.

९ मे २०२५

खेड्यांतील डॉक्टर आणि ग्रामपंचायतींचे निबंधक यांची एकत्र कार्यशाळा झाली. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ असतो आणि तेथे प्रश्न अगदी निराळे आहेत. मृत्यू घरी होतो, अंत्यसंस्कार त्याच दिवशी उरकतात, आणि बाराव्या-तेराव्यानंतर मुलगा ग्रामपंचायतीत येतो तेव्हा कारणाच्या जागी ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते. अट्ठावन्नाव्या वर्षीही! एका ग्रामसेवकांनी हात जोडून सांगितले की, मी काय लिहायचे ते मला सांगा, मी डॉक्टर नाही. त्यांचे बरोबर आहे.

डॉक्टरांची अडचण वेगळी. ज्याने अखेरच्या आजारात उपचार केले त्याने दाखला द्यायचा, असे कायदा म्हणतो. तीन महिन्यांपूर्वी एकदा खोकल्याचे औषध नेलेल्या आजोबांच्या मुलाने दारात उभे राहून “तुम्हीच आमचे डॉक्टर” म्हटले तर काय करायचे, असे दोघा-तिघांनी विचारले. पाहिले नाही ते लिहू नये, एवढेच मी सांगू शकले. अशा मृत्यूंची कारणे शोधायला देशात दुसरी वाट काढली गेली आहे. महानिबंधक कार्यालयाच्या सहकार्याने झालेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’त प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन शेवटच्या आजाराची हकिगत लिहून घेतली आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवले. त्यातून देशाचे चित्र मिळते. एखाद्या आजोबांचा दाखला त्यातून होत नाही. मार्चमध्ये फोन केलेल्या आशाताई हे ऐकून म्हणाल्या, “ताई, आम्हाला विचारा ना. कोण कशाने गेले ते गावात आम्हालाच ठाऊक असते.” हा मुद्दा पुढच्या प्रस्तावात घालायचा आहे.

१२ जून २०२५

पाऊस यंदा मे महिन्यातच आला आणि लावणीची कामे सुरू होताच सर्पदंशाचे रुग्णही. काल रात्री दीड वाजता फोन वाजला. मेडिसिनचा निवासी डॉक्टर, जानेवारीत ज्याच्या हातात ईसीजी होता तोच. “मॅडम, फुरसे चावलेला पेशंट होता, तिसरा दिवस. रक्त गोठत नव्हते, मेंदूत रक्तस्राव झाला. आत्ता गेला. सर म्हणतात ब्रेन हॅमरेज लिही. पण मला वाटते ती वरची ओळ आहे.”

मी त्याला फक्त खालून वाचायला सांगितले. तो वाचू लागला: “फुरशाच्या दंशामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडली, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव.” मग स्वतःच म्हणाला, “म्हणजे (क) मध्ये दंश. कालावधी तीन दिवस, तीन दिवस, एक दिवस.” मृत्यूचा प्रकार ‘अपघात’, घटना कोठे घडली तर भाताच्या खाचरात, उजव्या पावलाला, हेही त्याने न विचारता सांगितले.

केवळ ‘ब्रेन हॅमरेज’ लिहिले असते तर हा शेतकरी रक्तदाबाच्या रुग्णांच्या शेजारी मोजला गेला असता. ‘मिलियन डेथ स्टडी’वर आधारलेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने गेली. केंद्राच्या मार्च २०२४ च्या कृती आराखड्यात हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ठरले आहे. निम्मे झाले की नाही हे पाहायचे तर आधी पूर्ण मोजले गेले पाहिजेत. घरच्यांसाठी हिशेब अधिक जवळचा आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झालेल्या शेतकऱ्याच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात, आणि तो अर्ज कागदांवर चालतो.

४ जुलै २०२५

वहीच्या शेवटच्या पानावरचे दोन क्रमांक घेऊन आज शवविच्छेदन विभागात गेले. जानेवारीतील त्या दोन्ही मृत्यूंची नोंद अजून ‘अहवाल प्रलंबित’ याच शब्दांनी उभी आहे. प्रयोगशाळेकडे स्मरणपत्र पाठवावे, असा माझा विचार होता. तेथील कर्मचाऱ्याने कपाट उघडून एक फाइल काढली. त्या तरुणाचा अहवाल एप्रिलमध्येच आलेला होता, कीटकनाशकाच्या नावासह; त्याची एक प्रत पोलिसांकडे गेली आणि एक शवविच्छेदनाच्या फाइलला लागली. निबंधकांना कळवायचे असते हे कोणी सांगितलेले नव्हते, आणि खरे तर आमच्या कार्यपद्धतीतही ते कोठे लिहिलेले नव्हते. ती कार्यपद्धती मीच लिहिली होती.

कलम १५ खाली नोंदीतील दुरुस्तीसाठी निबंधकांना पत्र तयार केले, अहवालाची प्रत जोडली आणि लिपिकाबरोबर स्वतः नगरपालिकेत गेले. तेथील आवक विभागाने ते पत्र कोणत्या विषयाखाली घ्यायचे असे विचारले, कारण मृत्यूच्या नोंदीत दुरुस्ती म्हणजे नाव, असेच त्यांना ठाऊक होते. शेवटी ‘इतर’ खाली घेतले आणि शिक्का मारला. दुसऱ्या क्रमांकाचा अहवाल अद्याप आलेला नाही, त्यासाठी स्मरणपत्र वेगळे धाडले आहे. दोन्ही नोंदी सोमवारी पुन्हा उघडून पाहायच्या.